रायटरांचे पोकळे सर

तुम्ही पोटासाठी काय करता, हे एका वाक्यात, एकही इंग्रजी शब्द न वापरता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगू शकाल का?

सोपं वाटतं ना? सदाशिव पेठेतल्या अरुण पोकळे सरांच्या ऑफिसात बसण्याआधी प्रत्येकाला हे करून दाखवावं लागे. सर कर सल्लागार होते. लोकांची आयकराची आणि जीएसटीची विवरणपत्रं भरून देत. पण कागद हातात घेण्याआधी ते चष्मा कपाळावर ढकलत, दोन्ही तळहात टेबलावर ठेवत आणि म्हणत, "आपण काय करता? आईला सांगाल तसं सांगा." किराणा दुकानदार, दाताचे डॉक्टर, खालच्या मजल्यावरचे क्लासवाले पहिल्या फटक्यात पास होत. 'मी सोल्युशन्स देतो' म्हणणाऱ्या एका गृहस्थांना मात्र त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. "कसली ते आठवलं की येतील," असं मागाहून मला सांगितलं.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती कर भरायला नव्हे. कर भरावा एवढी कमाई माझी कधी झालीच नाही. माझे अब्बा दिवसा छापखान्यात कामाला आणि संध्याकाळी चळवळीत. आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले आणि मोठी झाल्यावर ती लिहायला लागले. त्या वर्षी मी सट्ट्याच्या अ‍ॅपविरुद्ध पत्रक काढत होते. आमच्या हडपसरच्या गल्लीत क्रिकेटचा मोसम आला की कंपनीतून सुटलेली पोरं टपरीवर फोनमध्ये डोकी घालून बसत आणि महिना अर्धा व्हायच्या आत पगार संपवत. ती अ‍ॅप परदेशातली, पण पोरांपर्यंत आणणारे आपल्यातलेच. कुणी टेलिग्रामवर चॅनल चालवतो, कुणी रील करतो आणि खाली एक लिंक देतो. त्या लिंकवरून जो आत शिरतो, त्याच्या खेळावर लिंकवाल्याला कमिशन. या उद्योगाला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग असं गोंडस नाव आहे. "आधी कायदा तपासून घे, मग आग ओक," असं म्हणून अब्बांनी मला सरांकडे धाडलं.

"मी रुक्साना तांबोळी," मी म्हणाले. "रायटर आहे."

"कुठल्या बाजाराच्या?" सरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही. काय करता ते मराठीत सांगा."

"कार्यकर्ती आहे. लोकांना जागं करते."

"गजर लावून?"

मला राग आला. "लोकांना राग येईल असं लिहिते," मी म्हणाले.

"हं. आता पास. बसा, तांबोळीबाई."

त्यांनी माझं पत्रक वाचलं. 'रक्तपिपासू दलाल' या शब्दांवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "याचं कलम कोणतं?"

"कलम नाही सर, भावना आहे."

"भावनेवर अपील करता येत नाही. हे काढा. त्याऐवजी लिहा, 'तुम्ही हरलात की लिंक देणाऱ्याला त्यातला वाटा मिळतो.' एवढंच लिहा. याच्याहून मोठी शिवी मला तरी माहीत नाही."

मी हादरले. मला वाटत होतं की माणूस आत आला, त्याने पैसे भरले, एवढ्यावर कमिशन मिळत असेल. सर म्हणाले तसंही असतं, पण मोठा पैसा दुसऱ्या करारात असतो. त्यात खेळणाऱ्याचा तोटा हेच लिंकवाल्याचं उत्पन्न. आपल्या लिंकवरून गेलेला शेजारचा पोरगा जितका बुडेल, तितकं आपलं घर वर येणार. माझं पत्रक त्या दिवशी निम्मं झालं आणि दुप्पट धारदार.

मग मी अधूनमधून जाऊ लागले. सर एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. ऑफिसच्या मागची खोली हेच घर. बोलायला कुणी आलं की ते आनंद दाखवत नसत, पण खुर्चीवरच्या फाइली मी पोचायच्या आधी उचललेल्या असत, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

एकदा मी बसलेली असताना एक तरुण आला. महागडे बूट, हातात दोन फोन. "सर, मी अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमध्ये आहे."

"मराठीत."

"प्रमोशन करतो."

"हेही मराठी नाही."

तो घुटमळला. "म्हणजे... लोकांना लिंक पाठवतो. ते तिथे जाऊन पैसे लावून खेळतात. मग ते... म्हणजे ते हरले तर... त्यातलं मला मिळतं."

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"जमलं की," सर म्हणाले. "म्हणजे आपण रायटर."

पोरगा खुलला. "हो सर! कंटेंट रायटर! तेच टाका ना फॉर्ममध्ये, एकदम क्लीन वाटतं!"

सर हसले नाहीत. मला हसू आवरेना, पण त्या वेळी मलाही 'रायटर'चा खरा अर्थ ठाऊक नव्हता. तो गेल्यावर त्यांनी सांगितला. मटक्याच्या धंद्यात, त्यांच्या भाषेत 'बाजारात', आकडे लावायला येणाऱ्यांकडून पैसे घेऊन चिठ्ठी लिहून देणारा माणूस म्हणजे रायटर. लावलेल्या पैशावर त्याला कमिशन. मालक कुठल्या शहरात बसतो हे त्याला ठाऊक नसतं. तो स्वतः रस्त्यावर, पानटपरीच्या आडोशाला, सगळ्यांच्या नजरेसमोर. "माझा थोरला भाऊ वसंता नाना पेठेत रायटर होता," सर म्हणाले. "अक्षर मोत्यासारखं. शाळेत बक्षीस मिळालं होतं त्याला अक्षराबद्दल. ते अक्षर त्याने आयुष्यभर आकडे लिहिण्यात घातलं आणि त्या पैशावर मला बी.कॉम. केलं."

मग ते म्हणाले, "धाड पडली की पेपरात काय छापून येतं? 'मटका रायटरला अटक, मालक फरार.' मी इतकी वर्षं पेपर वाचतो, तांबोळीबाई. 'मालकाला अटक, रायटर फरार' असं एकदाही वाचलेलं नाही."

वसंताला धाडीत धरून नेत, सोडत, पुन्हा धरत. शेवटच्या खेपेला तो चौकीतून घरी आला तो खचूनच. पुढे फार जगला नाही. मागे राहिला त्याचा शाळकरी मुलगा मंदार. त्याची आई आधीच गेलेली. मंदारला सरांनी वाढवलं. बापाबद्दल त्याला एवढंच सांगितलं होतं की ते एका पेढीवर हिशेब लिहायचे.

आता मंदार कोथरूडला सोसायटीत राहायचा. आयटीतली नोकरी गेली होती, पण काहीतरी 'स्वतःचं' सुरू केलं होतं. दर रविवारी तो सरांकडे येई. येताना सरांना आवडते म्हणून गरम जिलबी आणी. सरांचं संगणकाशी फारसं जमत नसे, तेव्हा तेही काम तोच बघे. सरांच्या स्वतःच्या आयकराच्या खात्याला त्याने जादा सुरक्षा लावून दिली होती. लॉगिन करायचं म्हटलं की ओटीपी लागे, आणि तो ओटीपी मंदारच्या मोबाइलवर जाई, कारण सरांचा जुना फोन भरवशाचा नव्हता. सर लॉगिन करत, मग मंदारचा फोन येई. "घ्या काका, लिहून घ्या," म्हणून तो सहा आकडे सांगे आणि वर दहा मिनिटं गप्पा मारे. सर चिडल्यासारखं करत. "बास आता, काम आहे मला," म्हणत. पण फोन आधी कधीच ठेवत नसत.

मंदारचं 'स्वतःचं' म्हणजे काय, हे सरांना ज्या रविवारी कळलं त्या दिवशी मी तिथेच होते. जिलबीची पुडी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "काका, या वर्षी माझं रिटर्न जरा मोठं आहे. डिजिटल सेवांची निर्यात म्हणून दाखवायचं. क्लायंट बाहेरचा आहे, त्यामुळे जीएसटी शून्य. थोडे पैसे क्रिप्टोत आलेत, ते सध्या सोडून द्या."

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. तळहात टेबलावर ठेवले. "काय करतोस? आईला सांगितलं असतंस तसं सांग."

"काका, प्लीज. ते नाटक माझ्यासमोर नको."

"सांग."

मंदारने सांगितलं. भराभर, खिडकीकडे बघत. टेलिग्रामवर चॅनल होतं. लोक हजारोंनी जोडलेले. सामन्याच्या आधी 'टीप' द्यायची, खाली लिंक.

सरांनी जिलबीची पुडी बाजूला सरकवली. मग अगदी कोरड्या आवाजात बोलू लागले, जणू समोर पुतण्या नाही, परका माणूस बसला आहे. "निर्यात? काय निर्यात केलंस? हडपसरच्या पोरांचे पगार? अरे, तू मध्यस्थ आहेस. मध्यस्थाची सेवा तो जिथे बसतो तिथली धरतात, म्हणजे इथली. जीएसटी लागणार. क्रिप्टो हातात आलं त्या दिवशी ते उत्पन्न झालं, आणि विकून नफा मिळाला तर त्यावर वेगळा कर. जाहिरातीचा खर्च, फोनचा खर्च, काही वजा होणार नाही, कारण गुन्ह्यासाठी केलेला खर्च कायदा खर्च मानत नाही."

"गुन्हा कसला? मी खेळतच नाही. मी फक्त लिंक देतो. आणि टॅक्स भरतोय ना मी? टॅक्स भरला की लीगलच झालं."

"पावती म्हणजे परवाना नव्हे," सर म्हणाले. हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवत. "आयकर खात्याला पैशाचा वास येत नाही, फक्त वजन कळतं. ते कर घेतील. पण उद्या पोलीस आले तर खातं तुझ्या बाजूने साक्ष द्यायला येणार नाही. उलट तूच लिहून दिलेलं असेल, की हो, एवढे पैसे मी याच कामातून मिळवले."

"म्हणून तर म्हणतोय, निर्यात लिहा."

"ते खोटं आहे."

"काका, सगळे तसंच लिहितात!"

"मग सगळ्यांकडे जा."

मंदार उठला. तेव्हा सर बोलून गेले ते त्यांना बोलायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. "तुझा बाप हेच करायचा," ते म्हणाले. "पेढी नव्हती कसली. मटक्याचा रायटर होता. तो दर वेळी सापडायचा आणि मालक घरी जेवत असायचा. तुझा मालक तर समुद्रापलीकडे आहे. सापडणार तू."

मंदार पांढरा पडला. जिन्यात खालच्या क्लासची पोरं धबाधबा उतरत होती. तो आवाज ओसरल्यावर त्याने विचारलं, "आणि तुम्ही शिकलात ते कोणाच्या पैशावर?"

सर टेबलावरचे कागद जुळवू लागले.

"पैसे चालले. माणूस नाही चालला," मंदार म्हणाला आणि गेला. जिलबीची पुडी कुणी उघडली नाही.

मी त्या वेळी पूर्णपणे सरांच्या बाजूची होते. आजही आहे. मंदारचं विवरणपत्र कोथरूडच्या एका काचेच्या ऑफिसात, त्याला हवं तसं भरलं गेलं, असं पुढे कळलं. सरांकडे असे बरेच लिंकवाले येत. ते कुणालाही हाकलत नसत. अटी सांगत. सगळं उत्पन्न त्याच्या खऱ्या नावाने दाखवायचं, खर्च मागायचा नाही आणि आजपासून काम बंद करायचं. बहुतेक जण 'खऱ्या नावाने' इथपर्यंत ऐकत आणि फोन आल्यासारखं करून बाहेर जात. मधल्या काळात दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही तुरुंगाची तरतूद झाली. मी विजयाचं पत्रक काढायला निघाले होते. सर म्हणाले, "थांबा. बघा आधी, पहिला कोण आत जातो ते."

मंदारने रविवारी येणं बंद केलं. सरांनीही त्याला फोन केला नाही. मी एकदा सुचवून बघितलं. "मी चुकीचं काय बोललो ते सांगा, लगेच फोन करतो," ते म्हणाले. चुकीचं काहीच नव्हतं. म्हणून मीही गप्प बसले.

हळूहळू त्यांचं ऑफिस रिकामं होत गेलं. जुने दुकानदार थकले, त्यांच्या मुलांनी फोनवरून काम करणारे सल्लागार धरले. सर दुपारभर सरळ बसून असत, जणू कुणी येणारच आहे. मी गेले की म्हणत, "आज वर्दळ जरा कमी आहे." त्या आठवड्यात त्यांच्याकडे येणारं पहिलं माणूस मीच असे. रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मात्र ते संगणक सुरू करत. एके दिवशी मी बघत होते. त्यांनी स्वतःचं आयकराचं खातं उघडायला घेतलं, पडद्यावर ओटीपी मागितला गेला आणि सर फोन हातात धरून बसले. मिनिटाभरात मेसेज वाजला. मंदारकडून. सहा आकडे. त्याच्या पुढे-मागे एक अक्षर नाही. सरांनी एका बोटाने ते आकडे टाकले, खातं उघडलं, पडद्याकडे बघितलं आणि काहीही न करता बंद केलं.

"काय काम होतं सर?"

"तपासणी," ते म्हणाले.

"मुदत तर कधीच संपली."

"तपासणीला मुदत नसते, तांबोळीबाई."

ते रोज लॉगिन करत होते. नंबर बदलून घेणं दहा मिनिटांचं काम होतं. माणसं तोडूनही कायद्याची बाजू मांडणारा हा माणूस, पुतण्याचे सहा आकडे यावेत म्हणून रोज संध्याकाळी सरकारचं दार वाजवत होता. आकड्यांच्या मागे मंदार आहे, त्याचा फोन चालू आहे, तो धडधाकट आहे. एवढं कळलं की ते संगणक बंद करून पोळी-भाजीच्या डब्याकडे वळत.

मग एका संध्याकाळी त्यांचाच मला फोन आला. ते कधी फोन करत नसत. "तांबोळीबाई, मोबाइलवरून रिक्षा बोलावता येते का तुम्हाला?"

"येते. काय झालं?"

"ओटीपी आला नाही."

मी म्हणाले नेटवर्क नसेल, फोन बंद असेल. "दोनदा बघितलं," ते म्हणाले. "तो जेवत असला तरी पाठवतो. कधी चुकवलं नाही त्याने."

आम्ही कोथरूडला त्याच्या सोसायटीत गेलो. वॉचमन म्हणाला, "त्यांना ना, दुपारी पोलीस घेऊन गेले. लॅपटॉप, फोन, सगळं." तिथून सायबर पोलिसांच्या ऑफिसात. एका मुलाच्या वडिलांनी तक्रार केली होती. मुलगा मंदारच्या चॅनलवरून शिरला होता आणि बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवून घर सोडून गेला होता. मुलगा सापडला, सुखरूप होता. पण तक्रार राहिली. मंदारची बँकेची सगळी खाती गोठवली होती. कंपनीचा तर पत्ताच नव्हता. ज्या वेबसाइटशी करार होता तिने नाव बदलून टाकलं होतं.

बाकावर मंदार बसला होता. मी त्याला शिव्या घालण्याची किती वाक्यं रचली होती! आणि त्या बाकावर मला दिसला एक भुकेला, भ्यालेला माणूस, सरांसारखेच तळहात मांडीवर पालथे ठेवून बसलेला. या अ‍ॅपच्या जाहिरातींत आरामात हसणारे नट आणि खेळाडू मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. त्यांच्यापैकी कुणीही कधी कुठल्या बाकावर बसलेलं मला दिसलेलं नाही. हे मी पत्रकात लिहिलं आहे, इथेही लिहिते.

मंदारने वर बघितलं. "काका, तुम्ही कसे आलात? तुम्हाला कुणी सांगितलं?"

सर त्याच्या शेजारी बसले. "ओटीपी आला नाही," म्हणाले.

मंदार दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. सरांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ केली आणि हात तिथेच राहू दिला.

त्या दिवशी त्याला नोटीस देऊन सोडलं. परतीच्या रिक्षात तो म्हणाला, "तुम्हाला काही काम नसायचं, माहीत होतं मला. मुदत संपल्यावर रोज कोण लॉगिन करतं? सहा वाजले की मी फोन हातात घेऊनच बसायचो."

"मग दोन शब्द लिहायचे होतेस."

"तुम्हीसुद्धा."

रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि रेडिओ बारीक केला.

पुढचे काही महिने सर पुन्हा जिवंत झाल्यासारखे होते. मंदारचं विवरणपत्र त्यांनी नव्याने, खरं भरलं. सगळं उत्पन्न, क्रिप्टोसकट, जादा कर आणि व्याज लावून. व्यवसायाचं स्वरूप त्यांनी एका वाक्यात स्पष्ट लिहिलं, जसं मंदारने खिडकीकडे बघत सांगितलं होतं तसंच. मंदारने फ्लॅट विकायला काढला. वकील म्हणाले की एवढं कबूल करून अडचण वाढेल. "वाढेल," सर म्हणाले. "पण पुढच्या वेळी काय बोललो होतो ते आठवावं लागणार नाही." खटला अजून चालू आहे. शिक्षा होईल की नाही, मला माहीत नाही. व्हावी की नाही, याचं माझं उत्तर पूर्वी एका ओळीचं होतं. आता तसं राहिलेलं नाही.

उन्हाळ्यात सर गेले. झोपेतच. आदल्या दुपारी मी भेटले होते. नवीन पत्रक दाखवलं, त्यांनी दोन विशेषणं काढली. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "मी त्याला कायदा बरोबर सांगितला होता. एक ओळही चुकली नव्हती. पण तो सांगून मी बसून राहिलो, तो येईल म्हणून. तेवढ्या काळात तो आणखी खोल गेला, आणि तो मुलगा घर सोडून गेला. बरोबर असणं हे काम अर्धंच असतं हो, तांबोळीबाई. उरलेलं अर्धं मी केलं नाही."

वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही मोजकीच माणसं होतो. मंदार, मी, अब्बा, खालच्या क्लासचे मास्तर. सरांनी ज्यांची विवरणपत्रं आयुष्यभर भरली त्यांच्यातले दोघे-तिघे. मंदारने सगळं नीट केलं. जाताना मला म्हणाला, "येत जा ऑफिसात. मी बसणार आहे तिथे काही दिवस." तिथे तो काय करणार, मी विचारलं नाही.

माझी पत्रकं घोषणेने संपतात. हा मजकूर विनंतीने संपवते. तुमच्या फोनमध्ये कुठल्यातरी ग्रुपवर अशी एक लिंक असेल. भाच्याने टाकलेली, जुन्या मित्राने, सोसायटीतल्या कुणाच्या मुलाने. तुम्ही बघून पुढे सरकला असाल, किंवा माझ्यासारखे चिडून त्याला ब्लॉक केलं असेल. आज त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. आधी कसा आहेस विचारा, आणि तो जे सांगेल ते पुरतं ऐकून घ्या. मग त्याला सांगा की ही लिंक काढ, हा गुन्हा आहे, कर भरलास तरी आहे, आणि पकडला जाणार तो तूच. तो चिडेल. फोन ठेवून देईल. उद्या पुन्हा करा.